सर्वांत मोठा आकडा म्हणजे सर्वांत मोठी ताकद नव्हे

कॉलेजात जाणारा मुलगा मोबाइलमध्ये मान घालून बसला की घरातली मोठी माणसे एकच निदान करतात, ‘याचं डोकं गेममध्ये गेलं.’ बऱ्याचदा ते निदान बरोबरही असते. पण काही खेळ असे आहेत की त्यांत डोके जाते म्हणजे कामालाही लागते. ‘पोकेमॉन गो’ हा त्यांपैकी एक. जुलै २०१६ मध्ये काही देशांत तो आला आणि डिसेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओच्या सहकार्याने अधिकृतपणे भारतात दाखल झाला. प्रत्यक्ष रस्त्यावर चालायचे, मोबाइलच्या नकाशावर दिसणारे काल्पनिक प्राणी पकडायचे, त्यांना वाढवायचे आणि लढवायचे, असा हा खेळ. २०१७ च्या जूनमध्ये त्यात ‘रेड’ आली. आपल्याकडे रेड म्हटले की पोलिसांची किंवा प्राप्तिकर खात्याची आठवते. इथे रेड म्हणजे एका बलाढ्य प्राण्यावर अनेक खेळाडूंनी मिळून केलेली चढाई.

या चढाईत कोणता प्राणी सर्वांत जोरकस हल्ला करील, हे आधीच कसे ओळखायचे? जगभरातले खेळाडू या प्रश्नावर तासन्‌तास आकडेमोड करतात. ती आकडेमोड समजून घेण्यासारखी आहे. कारण तिच्यात होणारी चूक आणि दवाखान्यात ‘पॉवरची गोळी द्या’ म्हणताना होणारी चूक एकाच जातीची आहे.

पाच मिनिटांचे गणित

सर्वांत प्रचलित मोठ्या रेडमध्ये, म्हणजे पाचव्या श्रेणीत, समोरच्या प्राण्याची जीवनशक्ती १५,००० असते आणि वेळ ३०० सेकंद. भागाकार सोपा आहे. दर सेकंदाला सरासरी ५० इतके नुकसान करता आले तरच तो हरतो. एका खेळाडूचा संघ सहा प्राण्यांचा. त्याची सरासरी सेकंदाला १५ धरली, तर तिघांची बेरीज ४५ होते आणि चढाई थोडक्यात फसते. चौघे असतील तर ६० होते आणि जमते.

मुंबई-पुण्यात हा हिशेब कुणी फारसा करत नाही. एका चढाईत वीस जण उतरू शकतात, गर्दीत कच्चे प्राणीही खपून जातात. पण या चढाया नकाशावरच्या ठरावीक ठिकाणीच होतात. देऊळ, पुतळा, बाग, स्मारक अशा सार्वजनिक खुणांवर ती ठिकाणे बेतलेली असतात. शहरांत ती दाट, खेड्यांत विरळ. बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या युसूफ वडगावसारख्या गावात, एका वेळी चार खेळाडू जमवणे हेच मोठे काम. दूरवरून भाग घेण्याची सोय २०२० मध्ये आली, पण त्यासाठी पास लागतो. २०२३ मध्ये त्या पासची किंमतही वाढली आणि रोजची मर्यादाही ठरली. म्हणजे जिथे माणसे आणि पैसा कमी, तिथे निवड अचूक लागते. मोजक्या साधनांवर चालणाऱ्या कुठल्याही ग्रामीण रुग्णालयाला हे नव्याने सांगावे लागणार नाही.

फसवा आकडा

प्रत्येक प्राण्याच्या डोक्यावर एक आकडा दिसतो. त्याला सीपी म्हणतात. नवखा खेळाडू सर्वांत मोठ्या सीपीचे सहा प्राणी निवडतो आणि हरतो. सीपी हा तीन गुणांचा एकत्र केलेला आकडा आहे : हल्ला, बचाव आणि जीवनशक्ती. त्यात दोन महत्त्वाच्या गोष्टी नाहीतच. तो प्राणी कोणती चाल वापरतो आणि समोर कोण आहे.

‘स्लेकिंग’ हे याचे ठळक उदाहरण. चाळिसाव्या पातळीवर त्याचा सीपी ४,४३१ पर्यंत जातो, म्हणजे सुप्रसिद्ध ‘म्यूटू’च्या ४,१७८ पेक्षाही जास्त. पण स्लेकिंगची झटपट चाल आहे जांभई आणि जांभईने समोरच्याचे शून्य नुकसान होते. शरीर पहिलवानाचे, पण कुस्तीच्या वेळी जांभया देणारा. सीपी पाहून हे कळत नाही.

एका फटक्याचे नुकसान साधारण असे ठरते : चालीचा जोर, गुणिले आपला हल्ला, भागिले समोरच्याचा बचाव. त्याला आणखी काही गुणक लागतात. चाल प्राण्याच्या स्वतःच्या प्रकारची असेल तर १.२ ने गुणायचे. समोरचा त्या प्रकाराला कच्चा असेल तर १.६ ने. त्याचे दोन्ही प्रकार कच्चे असतील तर १.६ गुणिले १.६, म्हणजे २.५६.

आता ‘रेक्वाझा’ समोर आहे असे धरू. तो ड्रॅगन आणि उडता, अशा दोन प्रकारांचा. हिमाच्या हल्ल्याला दोन्ही प्रकार कच्चे. म्यूटूचा मूळ हल्ला ३००. त्याची मानसिक शक्तीची चाल स्वतःच्या प्रकारची, पण रेक्वाझावर तिचा विशेष परिणाम नाही. म्हणून ३०० गुणिले १.२, म्हणजे ३६०. हिमप्रदेशातल्या हत्तीसारख्या ‘मॅमोस्वाइन’चा मूळ हल्ला २४७ च. पण २४७ गुणिले १.२ गुणिले २.५६ केले की ७५९ होतात. चालीचा जोर सारखा धरला तर कमी सीपीचा, सहज मिळणारा प्राणी दुर्मीळ म्यूटूच्या दुपटीहून जास्त नुकसान करतो.

याउलट, खेळाडू ज्या ‘शंभर टक्के’ गुणांच्या प्राण्यासाठी जीव टाकतात, त्याने काय मिळते? मॅमोस्वाइनचा हल्ला २४७ वरून २६२ होतो, म्हणजे फक्त सहा टक्के वाढ. तिसाव्या पातळीवरून चाळिसाव्या पातळीवर नेण्यासाठी प्रचंड साठा खर्च होतो आणि हल्ला वाढतो सुमारे आठ टक्के. योग्य जोडी जमवण्याने १५६ टक्के, महागड्या मेहनतीने सहा-आठ टक्के. जोर कुठे लावायचा, हे इथेच ठरते.

पुढे येणाऱ्याचे भाकीत

जो प्राणी खेळात अजून आलाच नाही, त्याची ताकदही काही प्रमाणात वर्तवता येते. मूळ पोकेमॉन खेळांतले त्याचे गुण माहीत असतात आणि ते या खेळात आणण्याचे सूत्र खेळाडूंनी शोधून काढले आहे. दोन प्रकारच्या हल्ल्यांपैकी मोठ्याचे सात हिस्से आणि लहानाचा एक हिस्सा धरून सरासरी काढायची, ती दुप्पट करायची आणि वेगानुसार कमी-जास्त करायची. म्यूटूचे मूळ हल्ले १५४ आणि ११०, वेग १३०. सूत्राने उत्तर येते ३३०. मात्र ज्याचा सीपी चार हजारांपलीकडे जातो, त्याचे गुण नऊ टक्के कापले जातात. ३३० मधून नऊ टक्के वजा करा : ३००. खेळातला खरा आकडा हाच आहे.

इतके अचूक सूत्र हाती असूनही भाकिते चुकतात. कारण त्या प्राण्याला कोणत्या चाली मिळतील, हे सूत्र सांगत नाही. गुण उत्तम आणि चाल भिकार, असे झाले की सगळे भाकीत कोसळते. शिवाय सेकंदाला जास्तीत जास्त नुकसान करणारा प्राणी नाजूक असेल तर लवकर मरतो. सेकंदाला २० या दराने वीस सेकंद टिकला तर एकूण ४००. दुसरा १५ या दराने चाळीस सेकंद टिकला तर ६००. वेळ थोडा आणि माणसे भरपूर असतील तर पहिला बरा. माणसे मोजकी असतील तर दुसऱ्याचा विचार करावा लागतो.

हवामानाचाही गुणक आहे, १.२ चा. तो खेळाडूच्या गावातल्या खऱ्या हवामानावर चालतो. हिमाच्या हल्ल्याला बर्फ पडत असताना बळ मिळते. बीड जिल्ह्यात ते कधी मिळणार? इथे स्वच्छ ऊन, म्हणजे अग्नी, वनस्पती आणि भूमी या प्रकारांना बळ. परदेशातल्या खेळाडूने केलेली यादी इथे जशीच्या तशी लागू पडत नाही. पृथ्वीवर सर्वत्र चालणारी एकच ‘सर्वोत्तम’ यादी नसते.

‘पॉवरची गोळी’

आता दवाखान्यात येऊ. ‘डॉक्टरसाहेब, जरा पॉवरची गोळी द्या, साध्यानं फरक पडत नाही,’ हे वाक्य मराठवाड्यातल्या प्रत्येक ओपीडीत रोज ऐकू येते. या मागणीमागे समजूत अशी की औषधांनाही एक सीपी असतो. महागडे, नवे, इंजेक्शनचे, म्हणजे जास्त सीपीचे. प्रतिजैविकांच्या, म्हणजे अँटिबायोटिकच्या बाबतीत ही समजूत धोकादायक आहे.

साधी सर्दी आणि बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते. विषाणूंसमोर कोणतेही प्रतिजैविक म्हणजे स्लेकिंगची जांभई. गुणक शून्य. शून्याला कितीही मोठ्या आकड्याने गुणले तरी उत्तर शून्यच. दुष्परिणाम मात्र शून्य नसतात. उलट घशात ‘स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस’ हा जिवाणू असेल तर पेनिसिलिन हे जुने आणि स्वस्त औषध आजही त्याच्यावर उत्तम चालते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना ते सापडले १९२८ मध्ये. या संसर्गावर वेळीच आणि पूर्ण उपचार झाले तर मुलांच्या हृदयाच्या झडपा खराब करणारा रुमॅटिक फीव्हर टाळता येतो. कमी सीपीचा मॅमोस्वाइन इथे पेनिसिलिनच्या रूपात भेटतो.

लघवी किंवा पू तपासून आलेला ‘कल्चर’चा अहवालही असाच चुकीचा वाचला जातो. बशीत जिवाणू वाढवून त्यावर औषधाच्या चकत्या ठेवतात. औषधाने जिवाणूंना रोखले की चकतीभोवती मोकळे वर्तुळ दिसते. ते मिलिमीटरमध्ये मोजतात. एका औषधासमोर १८ आणि दुसऱ्यासमोर २४ लिहिले असेल, तर २४ वाले जास्त ताकदीचे असे रुग्णाला वाटते. तसे नसते. प्रत्येक औषधाची मर्यादारेषा वेगळी असते. १८ वाले परिणामकारक आणि २४ वाले निरुपयोगी, असेही असू शकते. दोन औषधांच्या वर्तुळांची आपसांत तुलना करायची नसते.

शिवाय औषध योग्य जागी पोहोचावे लागते. ‘नायट्रोफ्युरँटॉइन’ मूत्राशयाच्या साध्या संसर्गावर चांगले काम करते, कारण ते लघवीत साठते. संसर्ग मूत्रपिंडात किंवा रक्तात गेला असेल तर त्याचा भरवसा नाही. मोठी रुग्णालये आपल्या भागातले जिवाणू कोणत्या औषधांना दाद देतात, याची स्थानिक नोंद ठेवतात. हवामानाच्या गुणकासारखीच ही गोष्ट. परदेशातला तक्ता इथल्या रुग्णाला तसाच लावून चालत नाही.

खेळात आणि उपचारात एक मोठा फरकही आहे. खेळातला शत्रू हरल्यावर शिकत नाही. जिवाणू शिकतात. चुकीच्या, अनावश्यक किंवा अपुऱ्या औषधातून जे वाचतात, त्यांची पुढची पिढी त्या औषधाला जुमानत नाही. अपुऱ्या मात्रेचा हा धोका फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच सांगितला होता. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांचे तीन गट केले : सहज वापरायची, जपून वापरायची आणि शेवटच्या लढाईसाठी राखून ठेवायची. भारतात ‘शेड्यूल एच-१’ हा नियम १ मार्च २०१४ पासून लागू आहे. त्यातील औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि विक्रीची स्वतंत्र नोंद दुकानदाराला तीन वर्षे जपावी लागते.

पावले आणि रस्ता

हा खेळ चालायला लावतो, मग तो आरोग्याला चांगला का? ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेतल्या १८ ते ३५ वयोगटातील खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या आठवड्यात रोजची चाल सरासरी ९५५ पावलांनी वाढली. सहाव्या आठवड्यापर्यंत ती पूर्वपदावर आली. म्हणजे या खेळाला व्यायामाची जागा देता येत नाही. आणि रस्त्यावर वाहन चालवताना किंवा रस्ता ओलांडताना तो खेळणे म्हणजे पाच मिनिटांच्या चढाईसाठी जीव पणाला लावणे. ऊसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरलेल्या हंगामात तर अधिकच.

पण मुलगा चढाईचा संघ निवडत असेल तर त्याला एकदा विचारून पाहावे, ‘हाच का निवडलास?’ समोर कोण आहे, चाल कोणती, टिकणार किती, असे तो सांगू लागला तर त्याला आकड्यामागचा आकडा वाचता येऊ लागला आहे. तेच तीन प्रश्न घरातल्या आजारपणात डॉक्टरांना विचारावेत. हा आजार जिवाणूंचा आहे का? हेच औषध का? किती दिवस घ्यायचे? गोळीची पट्टी घेतल्यावर तिच्यावर उभी लाल रेघ आहे का, हेही बघावे. ती रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही आणि मागच्या वेळचे उरलेले तर मुळीच नाही.