पाणथळीचा कांठ आंखणें

सरकारी नोकरींत गांवनकाशे पुष्कळ हाताळिले. शेताचा बांध त्यांत अचूक असे, परंतु पावसांत फुगणारी व उन्हांत आटणारी पाणथळ जागा क्वचितच रेखिलेली दिसे. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रानें २०११ सालीं उपग्रहचित्रांवरून देशांतील पाणथळींचे नकाशे प्रसिद्ध केले. त्यांतही सव्वादोन हेक्टरांहून, म्हणजे सुमारें साडेपांच एकरांहून, लहान जागा केवळ ठिपक्यानें दाखविल्या आहेत. ठिपक्यास कांठ नसतो. मग भराव कोठवर सरकला हें सांगावें कसें?

ही उणीव गांवकऱ्यांस भरून काढितां येते. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ सालीं सुरू झालेला जगाचा खुला नकाशा होय. त्यांत कोणासही विनामूल्य रेघ ओढतां येते, व प्रत्येक बदल तारखेसह जपला जातो. आमच्या फेरफाराच्या नोंदवहीप्रमाणेंच, मात्र तलाठ्याची वाट पाहावी लागत नाहीं! युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचीं चित्रें फुकट मिळतात. कार्तिकांतील व वैशाखांतील चित्रें घेऊन क्यूजीआयएस या खुल्या प्रणालींत दोन्ही कांठ आंखावे, आणि मोबाइल हातीं घेऊन पायीं ताडून पाहावे. बांधावरच्या वृद्धांसही विचारावें; पूर कोठवर येई हें त्यांस ठाऊक असतें.

असा नकाशा सरकारी मोजणीची जागा घेत नाहीं, परंतु ग्रामसभेच्या अर्जास तो जोडिला, म्हणजे "जागा नेमकी कोणती?" असें म्हणून अर्ज परत करितां येत नाहीं.