नाव सापडेना, तेव्हा 'डिग'ला विचारा

४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री नऊच्या सुमारास भारतात फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम एकदमच बंद पडलं. घरोघरी राउटर बंद-चालू करून झाले. नेटवर्क सांभाळणाऱ्यांनी मात्र टर्मिनल उघडून डी, आय, जी ही तीन अक्षरं आणि पुढे फेसबुकचं नाव टाइप केलं. नावामागचा पत्ता विचारणाऱ्या 'डिग' नावाच्या या कमांडचं उत्तर होतं : 'सर्व्हफेल'.

त्या एका शब्दाने तपासाची दिशा ठरली. नाव अस्तित्वातच नसतं, तर उत्तर 'एनएक्सडोमेन' असं आलं असतं. सर्व्हफेलचा अर्थ वेगळा. तुमच्या वतीने शोध घेणारा सर्व्हर जागा आहे, पण त्याला खात्रीचं उत्तर मिळवता आलेलं नाही. पुढे कारण कळलं. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आदेशाने फेसबुकच्या डेटा सेंटरांना जोडणारं अंतर्गत जाळंच तुटलं होतं. कंपनीच्या डीएनएस सर्व्हरना, म्हणजे नावांचे पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरना, नियम घालून दिला होता की, डेटा सेंटरशी संपर्क तुटला तर आपल्याकडे येणारा मार्ग जगाला जाहीर करणं थांबवायचं. सगळ्यांनी एकाच वेळी तो पाळला. सर्व्हर चालू होते, त्यांच्याकडे जाणारी वाट नव्हती. सेवा पूर्ववत व्हायला सुमारे सहा तास लागले.

इंटरनेटवर संगणक एकमेकांना आकडी पत्त्यांनी ओळखतात. नावं आपल्या सोयीसाठी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सगळी नावं एकाच फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळायचा आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घ्यायचे. संगणक वाढले तशी ही पद्धत अपुरी पडू लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी यादीची वाटणी करणारी डीएनएस व्यवस्था मांडली. सर्वांत वर १३ नावांचे रूट सर्व्हर, त्यांच्या प्रती मुंबईसह जगभर. खाली डॉट कॉम, डॉट इन यांचे सर्व्हर. त्याखाली प्रत्येक संस्थेचे स्वतःचे.

ही उतरंड डिग डोळ्यांसमोर आणतं. नावापुढे 'प्लस ट्रेस' लिहिलं की ते रूटपासून पायरी-पायरीने खाली येतं आणि कुठल्या पायरीवर कोणी काय सांगितलं ते छापतं. माझ्या मते संगणकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे पहिल्याच आठवड्यात दाखवायला हवं. पुस्तकातली आकृती इतकं शिकवत नाही.

साध्या उत्तरातही पुष्कळ वाचण्यासारखं असतं. पत्त्याआधीचा आकडा म्हणजे ते उत्तर आणखी किती सेकंद साठवून ठेवता येईल ती मुदत. पुन्हा विचारल्यावर तो कमी झालेला दिसला, तर उत्तर साठ्यातून येतंय हे कळतं. संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर नेलं तरी काहींना जुनंच दिसतं, ते बहुधा यामुळेच. तळाशी उत्तर देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता असतो. ॲट चिन्ह लावून दुसऱ्या एखाद्या सर्व्हरला हाच प्रश्न विचारता येतो. तिथे बरोबर उत्तर मिळालं आणि तुमच्या सेवादात्याच्या सर्व्हरकडून नाही, तर संशय कुठे घ्यायचा ते उघड आहे.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवायलाच हवी. डिग थेट डीएनएसला विचारतं. तुमच्या संगणकातली नावं-पत्त्यांची 'होस्ट्स' फाइल पाहत नाही. म्हणून डिग बरोबर पत्ता देतं आणि ब्राउझर भलतीकडेच जातो, असंही घडतं. लिनक्सवर अशा वेळी 'गेटएंट होस्ट्स' वापरावं. संगणकातले बाकीचे प्रोग्राम ज्या वाटेने नाव शोधतात, ती वाट ते तपासतं.

मॅकवर डिग आधीपासूनच असतं, लिनक्सवर सहज बसवता येतं. विंडोजवर ते नसतं, पण 'एनएसलुकअप' असतं. यापुढे सेवादात्याकडे तक्रार करताना 'नेट चालत नाही' एवढंच लिहू नका; डिगचं सगळं उत्तर जसंच्या तसं जोडा.