मुख्याध्यापकपद आणि ‘स्वेच्छे’चा नकार

देशातील शालेय शिक्षकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण आता निम्म्याहून अधिक झाले आहे. तरीही ग्रामीण माध्यमिक शाळेच्या कार्यालयात टांगलेल्या मुख्याध्यापकांच्या नामफलकावर स्त्रियांची नावे तुरळकच आढळतात. ‘बायकांनाच जबाबदारी नको असते’ असे म्हणून या विसंगतीची वासलात लावली जाते आणि पुराव्यादाखल पदोन्नती नाकारल्याचे कागद पुढे केले जातात. हा पुरावा कितपत ग्राह्य मानावा, हा खरा प्रश्न आहे.

नियम तर स्पष्ट आहे. महाराष्ट्रातील खासगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार मुख्याध्यापकपद अर्हताप्राप्त आणि समाधानकारक सेवा असलेल्या ज्येष्ठतम शिक्षकाकडे जावयास हवे. ज्येष्ठाचा हक्क बाजूस सारावयाचा, तर त्याने तो स्वेच्छेने सोडत असल्याचे लेखी निवेदन शिक्षणाधिकाऱ्यांसमक्ष स्वहस्ते दिले पाहिजे. संस्थाचालकांच्या लहरीला आवर घालणारी ही तरतूद शहाणपणाची आहे, यात शंका नाही. परंतु अधिकारी हस्ताक्षर पडताळू शकतो. स्वेच्छा कशी पडताळणार? घरचा विरोध, पदाधिकाऱ्यांचा ‘सल्ला’ आणि सहकाऱ्यांची कुजबुज यांतून जन्मलेला नकारही कागदावर स्वेच्छाच ठरतो.

कोणतीही निवड तिच्या किमतीपासून अलग करता येत नाही, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक सिद्धांत आहे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार विनामोबदला घरकामात स्त्रीची दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च होतात, तर पुरुषाची ८८. हा फरक ३ तास २१ मिनिटांचा आहे. मुख्याध्यापकाचे काम शाळेच्या घंटेबरोबर संपत नाही. पोषण आहाराचा हिशेब, वेतनदेयके, पालकांच्या तक्रारी, सभा, कार्यालयांतील हेलपाटे हे सारे त्यापुढे उरतेच. पुरुषाला यासाठी लागणारा वेळ त्याचे घर पुरविते; स्त्रीला तो घराकडून उसना मागावा लागतो.

जिल्हा परिषदेच्या शाळांत आणखी एक अडचण आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी मुख्याध्यापकाचे पद दीडशेहून अधिक पट असलेल्या शाळेपुरतेच ठेवले. नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्यातील लहान गावांत एवढा पट जमणे कठीण. परिणामी पदोन्नती म्हणजे बहुधा दूरची शाळा, नवे गाव आणि एस.टी.चा रोजचा प्रवास. तेथे ‘बढती’ची ‘बदली’ होते आणि शिक्षिका माघार घेते.

ज्या तालुक्यातील पापळ गावी १८९८ साली डॉ. पंजाबराव देशमुखांचा जन्म झाला, त्या भागाला शिक्षणाचे महत्त्व सांगावयास नको. कुणब्या-कष्टकऱ्यांच्या मुलांना विद्येची दारे उघडण्यासाठी त्यांनी संस्था उभारली. त्या दारांतून मुलीही शिकून बाहेर पडल्या, शिक्षिका झाल्या. २०११ पासून महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. गावाचा कारभार स्त्रीच्या हाती सोपविण्यास आपण राजी झालो. मग शाळेच्या किल्ल्या देताना हात का आखडावा?

उपाय खर्चिक नाहीत. नकाराचे निवेदन घेताना शिक्षणाधिकाऱ्यांनी संबंधित शिक्षिकेशी एकांतात बोलावे आणि कारणांची नोंद करावी. अशा नकारांचा स्त्री-पुरुषवार ताळेबंद दरवर्षी जाहीर व्हावा. एकदा नकार दिल्याने पुढील रिक्त पदावरील हक्क बुडत नाही, असे हीच नियमावली सांगते. ते प्रत्येक शिक्षिकेस लेखी कळवावे. पदोन्नतीची जागा शक्यतो निवासाजवळची असावी आणि हिशेबाच्या कामासाठी लिपिकाचे साहाय्य मिळावे.

एवढे केल्यानंतरही एखादी शिक्षिका नको म्हणाली, तर तिच्या निर्णयाचा आदर करू. तोपर्यंत मात्र त्या कागदावरील ‘स्वेच्छा’ हा शब्द आपल्या व्यवस्थेने स्वतःला दिलेले सोयीचे प्रमाणपत्र आहे, असेच म्हणावे लागेल.