पापणी पडली असेल तर शस्त्रक्रिया कधी करावी?

वरची पापणी नेहमीपेक्षा खाली उतरलेली असते, त्याला डॉक्टर 'टोसिस' म्हणतात. पापणी उचलण्याचे मुख्य काम 'लिव्हेटर' नावाचा स्नायू करतो. काही मुलांमध्ये तो जन्मतःच कमकुवत असतो. उतारवयात बहुधा त्याला पापणीशी जोडणारा पातळ पडदा सैल पडतो.

मोठ्यांना शस्त्रक्रियेसाठी सहसा थांबता येते; मुलांचे तसे नाही. पापणीने बाहुली झाकली, तर त्या डोळ्याने पाहायला मेंदू शिकत नाही आणि डोळा 'आळशी' होतो. वय वाढल्यावर ही नजर परत मिळवणे कठीण असते. म्हणून अशा मुलांची शस्त्रक्रिया लवकर करतात. बाहुली मोकळी असेल तर साधारण ३ ते ५ वर्षांपर्यंत थांबतात, पण तपासणी चुकवून चालत नाही. मूल सतत हनुवटी वर करून पाहत असेल, तर वेळ घालवू नये.

स्नायूत ताकद असेल तर तो आखूड करून घट्ट बसवतात. ताकद फारच कमी असेल तर पापणी कपाळाच्या स्नायूला जोडतात. मग भुवई उचलली की पापणीही उचलली जाते. मुलांना पूर्ण भूल देतात. मोठ्यांना बहुधा फक्त डोळ्याभोवती भूल देतात, म्हणजे डोळा उघडायला सांगून पापणीची उंची तपासता येते.

नंतर काही काळ झोपेत डोळा थोडा उघडा राहू शकतो. तो कोरडा पडू नये म्हणून थेंब आणि मलम देतात.

पापणी अचानक पडली आणि सोबत डोकेदुखी असेल किंवा एकाचे दोन दिसत असतील, तर लगेच रुग्णालय गाठावे.