लढाईच्या काळातले कामगार कायदे : दिल्ली, नगरचा किल्ला आणि विडीचं सूप

ऑगस्ट १९४२ चा एकच आठवडा आपण डोळ्यांसमोर आणू. ७ तारखेला दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद भरली. तिची सूत्रं होती व्हाइसरॉयच्या मंडळातले नवे मजूरमंत्री डॉ. आंबेडकर यांच्याकडे. ९ तारखेला मुंबईत धरपकड झाली आणि नेहरू, पटेल, आझाद आपल्या नगरच्या किल्ल्यात बंदी झाले. पुढारी कैदेत, अन् कामगारांचे प्रतिनिधी सरकारशी बोलणी करताहेत! हे कसं?

कारण लढाईला माल लागतो आणि संप परवडत नाही. म्हणून सरकारनं भारत संरक्षण नियमांत ८१-अ हा नियम घातला. संप रोखायचा आणि तंटा सक्तीनं निवाड्याला पाठवायचा अधिकार घेतला. १९३८ साली मुंबईच्या संपविरोधी कायद्याविरुद्ध बाबासाहेबांनीच संप घडवला होता, हे इथं विसरू नये. आता त्यांनी मिळालेल्या जागेतून कामगारांसाठी जमेल तेवढं पदरात पाडलं. १९४६ च्या दुरुस्तीनं बारमाही कारखान्यांत आठवड्याचे ५४ तासांचे ४८ झाले, हंगामी कारखान्यांत ६० चे ५०. साखरेचा कारखाना कायद्यानं हंगामी धरलेला, म्हणून आपल्या जिल्ह्याला हा दुसरा आकडा जवळचा.

पण युद्ध देतं तसं काढूनही घेतं. कोळसा कमी पडला तेव्हा १९४३ मध्ये बायकांना खाणीत भुयारी कामाला लावण्यावरची बंदी उठवली. ती परत आली १९४६ साली. सक्तीचा निवाडा मात्र लढाई संपल्यावरही गेला नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तो कायमचा बसला.

आता नगर-संगमनेरकडे वळू. मांडीवर सूप घेऊन घरी विड्या वळणारी बाई थांबली, तर कुठली आघाडी अडणार होती? कारखान्याचा कायदा फाटकापाशी थांबला, तिच्या उंबऱ्यापर्यंत आला नाही. घरच्या विडी कामगारांना स्पष्टपणे कवेत घेणारा केंद्राचा कायदा झाला १९६६ साली.

म्हणून आपण एवढं ध्यानात ठेवू : संकटात जो कायदा मिळतो, तो आधी ज्याच्यावाचून अडतं त्याला मिळतो. ज्याच्यावाचून कुणाचं अडत नाही, त्याला संघटनाच करावी लागते.