चिलीतली सात वर्षं

मेंदूला इजा झाली की स्वभाव बदलतो, हे सांगताना मानसशास्त्राची पुस्तकं हटकून फिनिअस गेजचं उदाहरण देतात. पण बहुतेक पुस्तकं ही गोष्ट अर्ध्यावरच सोडतात.

गेज अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात रेल्वेच्या कामावरचा मुकादम होता, वय २५. खडकाला भोक पाडायचं, त्यात दारू नि वात घालायची, वर वाळू टाकून पहारीनं ठासायचं, हे रोजचं काम. १३ सप्टेंबर १८४८ रोजी कॅव्हेंडिश गावाजवळ दारू अकालीच पेटली. साडेतीन फुटांहून लांब, सुमारे सहा किलोची पहार त्याच्या डाव्या गालातून शिरली आणि डोळ्यामागून जाऊन माथ्यातून बाहेर पडली. ही पहार त्यानं लोहाराकडून खास आपल्या आवडीप्रमाणे घडवून घेतली होती. तिचं एक टोक निमुळतं होतं आणि जीव वाचला तो बहुधा त्यामुळेच. थोड्याच वेळात गडी बोलू लागला. बैलगाडीत ताठ बसून तो खाणावळीपर्यंत आला. पहिल्या डॉक्टरांचा या हकिकतीवर विश्वास बसेना. मग गेजला उलटी झाली आणि त्या जोरानं अर्धा कपभर मेंदू जमिनीवर पडला.

पुढे जखमेत पू झाला, तो मरणाच्या दारात जाऊन आला. उपचार करणारे डॉ. जॉन हार्लो गावातलेच, वयानं तरुण. १८५० मध्ये हार्वर्डचे प्राध्यापक बिगलो यांनी गेज शरीरानं नि बुद्धीनं बरा झाल्याचं लिहून टाकलं. स्वभावाबद्दल हार्लोंनी सविस्तर लिहिलं ते थेट १८६८ मध्ये, गेज वारल्यानंतर. शिवराळ तोंड, कुणाचं ऐकायचं नाही, आज एक बेत तर उद्या दुसरा. ज्या कंत्राटदारांचा तो सर्वांत भरवशाचा मुकादम होता, त्यांनी त्याला परत कामावर घेतलं नाही. हा आपला गेजच नव्हे, असं मित्र म्हणू लागले.

पुस्तकं इथंच थांबतात. काही तर त्याला दारुडा, बायकोला मारणारा वगैरेही करून टाकतात. हार्लोंच्या लेखात यातलं काहीच नाही. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ माल्कम मॅकमिलन यांनी जुनी कागदपत्रं खणून २००० साली गेजवर जाडजूड पुस्तक लिहिलं, तेव्हा ही सगळी भर उघडी पडली.

१८५२ मध्ये गेज चिलीला गेला आणि जवळपास सात वर्षं तिथं सहा घोड्यांची प्रवासी गाडी हाकत राहिला. वालपराइसो ते सान्तियागो हा रस्ता सुमारे १०० मैलांचा. सहा लगाम एकाच वेळी हातात धरायचे, घोड्यांची निगा राखायची, परक्या मुलखातल्या उतारूंशी नीट वागायचं. ज्याचा कुठलाच बेत तडीस जात नाही, त्याला हे सात दिवसही झेपलं नसतं. मॅकमिलन यांचा तर्क असा, की रोजच्या ठरीव कामानंच त्याला पुन्हा वळण लावलं असावं. मला तो पटतो. मेंदूच्या दुखापतीनंतरच्या पुनर्वसनातही आज ठरलेल्या दिनक्रमावर भर देतात.

डोक्याला मार लागल्यावर वागणं बदलायला पहारच लागते असं नाही. कपाळामागचा मेंदू कवटीच्या खडबडीत तळावर टेकलेला असतो. गाडीवरून पडताना डोकं गचकन थांबतं, मेंदू मात्र आत हलतो, घासतो, लांब तंतू ताणले जातात. राग आवरणं, दुसऱ्याचं मन ओळखणं, जीभ ताब्यात ठेवणं यांत याच भागाचा मोठा वाटा. बारीक ताण सीटी स्कॅनमध्ये दिसतोच असं नाही. मग रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो आणि घरचे म्हणतात, “हे पूर्वी असे नव्हते हो.” खुद्द रुग्णाला बदल जाणवतोच असं नाही, म्हणून जाणते डॉक्टर बायकोला, आईला वेगळं बसवून विचारतात.

हार्लोंनाही चिलीची माहिती मिळाली ती गेजच्या आईकडूनच. तो भाचरांना आपल्या पराक्रमांच्या साफ खोट्या गोष्टी रंगवून सांगायचा, मुलं, घोडे, कुत्री यांचा त्याला लळा होता, हेही तिनंच सांगितलं. १८५९ मध्ये प्रकृती ढासळल्यावर तो सान फ्रान्सिस्कोला तिच्याकडे आला. जरा बरं वाटल्यावर शेतावर राबू लागला, पण फेफरं सुरू झाली आणि त्यानंतर एकाही मालकाकडे तो टिकेना. २१ मे १८६० रोजी तो गेला. पुढे हार्लोंच्या विनंतीवरून घरच्यांनी थडगं उकरू दिलं. ती कवटी आणि पहार आज हार्वर्डच्या संग्रहात आहेत. १९९४ पासून संशोधक तिच्यावरून मेंदूचा नेमका कुठला भाग गेला याची संगणकावर मोजदाद करत आले आहेत.