महानगरपालिकेच्या वकिलाचे कर्तव्य

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरील टिटवाळा कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत येते. त्यापुढील खडवली ग्रामपंचायतीच्या क्षेत्रात मोडते. एका स्थानकाच्या अंतराने स्थानिक संस्था व तिचा अधिनियम बदलतो. टिटवाळ्यास लागू असलेल्या १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमातील कलम २६० अन्वये अनधिकृत बांधकाम पाडण्यापूर्वी लेखी नोटीस देऊन कारण दाखविण्याची संधी द्यावी लागते. अशा नोटिशीविरुद्ध कोणी न्यायालयात मनाईहुकूम मागितला, म्हणजे महानगरपालिकेच्या वकिलाचे काम सुरू होते.

हे काम केवळ पक्षकाराला विजय मिळवून देण्याचे आहे काय? मुंबईतील पदपथवासीयांच्या झोपड्या हटविण्यावरून १९८१ मध्ये उद्भवलेला ओल्गा टेलिस खटला या दृष्टीने उद्बोधक आहे. पदपथावर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आपण सांगत नाही, असे अर्जदारांनी उच्च न्यायालयात कबूल केले होते. सबब आता तो त्यांना सांगता येणार नाही, असा आक्षेप प्रतिवादींतर्फे घेण्यात आला. मूलभूत हक्काचा त्याग करता येत नाही, या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै १९८५ रोजी तो फेटाळला. नोटिशीविना अतिक्रमण काढू देणारे, १८८८ च्या मुंबईच्या अधिनियमातील कलम ३१४ न्यायालयाने वैध ठरविले. परंतु बाजू ऐकून घेणे हाच सामान्य नियम मानला आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत झोपड्यांना अभय दिले.

तात्पर्य, या वकिलाचे खरे बळ तांत्रिक आक्षेपात नसून नोटीस, सुनावणी व सकारण आदेश असलेल्या नस्तीत आहे. ती अपुरी असल्यास आयुक्तांस वेळीच तसे सांगणे, हेही त्याचे कर्तव्य होय. कारण पाडलेले घर निकालाने पुन्हा उभे राहत नाही.